मस्कतचे दुसरे तिकीट आणि मुरबाडचे घर

मी, पुंडलिक धोंडू हरड, वय वर्षे एकसष्ट, बी. ए. (अर्थशास्त्र), भातसानगर येथील धरण कार्यालयातून अधीक्षक पदावरून निवृत्त, राहणार मुरबाड, आपल्या मिळकतीची व्यवस्था या पत्राने लावून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. ज्यांना शंका आहे त्यांनी ती माझी पत्नी कै. वत्सला हिच्या दिवसकार्यातच बोलून दाखवली असल्याने येथे पुन्हा नोंदवत नाही. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणू शकणारी एकच व्यक्ती होती; ती गेल्या भाद्रपदात गेली.

१. कारण. चिरंजीव संदेश यांना मस्कत येथे नोकरी लागली आहे. कंपनी पतिपत्नी दोघांना राहण्यास जागा देते. तरीही त्यांनी एकट्यानेच जावे आणि सूनबाई सौ. नम्रता यांनी मागे राहून घर, शेत व सासरा या तीन जुन्या वस्तू राखाव्यात, असा बेत ठरला आहे. बेत माझे धाकटे बंधू अनंता यांच्या सल्ल्याने ठरला. नम्रता यांना कोणी विचारले नाही, म्हणून मी विचारले. त्या म्हणाल्या, "मला जायचंय, मामंजी. पन बोलले तर लोक म्हणतील, म्हाताऱ्याला टाकून निघाली." सदर म्हातारा मीच.

२. अनंता यांचा हा सल्ला आमच्या कुटुंबात नवा नाही. सन १९९८ मध्ये मी एका सहल कंपनीबरोबर सिंगापूरला निघालो, तेव्हा ते म्हणाले होते, "दादा, वयनीला कशाला नेतोस? बायको संगती आसली का फिरणं नाय होत, राखण होते." मी एकटा गेलो. एकट्याने जाण्याचे फायदे प्रामाणिकपणे नमूद करतो. खिडकीची जागा मिळते. बॅग हलकी राहते. खोली मात्र एकट्याला मिळत नाही. दोन एकट्या पुरुषांना एका खोलीत घालण्याची पद्धत असल्याने माझ्या वाट्यास एक फरसाणाचे व्यापारी आले. ते झोपेतही शेवेचा भाव सांगत. समुद्र पाहून मी "वा" म्हणालो, तर ते दचकून म्हणाले, "काय झालं?" परत आल्यावर आल्बममध्ये सर्व इमारती होत्या, मी नव्हतो. हा आल्बम अनंता यांना देण्याचा मोह झाला होता. तो आवरून, आल्बम जाळावा असे लिहितो.

३. सन २००२ मध्ये, तुलना शास्त्रशुद्ध व्हावी म्हणून, तीच सहल वत्सलेसह केली. आमच्याकडे पुरुषाने बायकोच्या चार पावले पुढे चालण्याची रीत आहे. ती मी सिंगापुरातही पाळली. परिणामी तेथील भुयारी गाडीचे दार माझ्यामागे आपोआप मिटले आणि वत्सला फलाटावर राहिली. आमच्या तालुक्यातील म्हसा गावच्या जत्रेला नेताना आमच्या प्रत्येक पोराला बजावलेले असते की हरवलास तर जागचा हलू नको. मी पुढच्या स्थानकावर उतरून खांबाशेजारी उभा राहिलो. वत्सलेचे माहेर टोकावडे, पण जत्रा तीच. ती मागच्या स्थानकावर उभी राहिली. अशा प्रकारे नियमांचे काटेकोर पालन करून आम्ही परदेशातील एक दुपार घालवली.

अखेर तिने तेथील रखवालदारापुढे हात मागे बांधले, मान ताठ केली, ओठ आवळले, आणि माझी नक्कल करून दाखवली. त्याने पुढच्या स्थानकास फोन केला. त्या गर्दीतून मला तत्काळ ओळखण्यात आले. भेटल्यावर ती म्हणाली, "अवो, येक हरवला तर हलायचं नाय, बराबर. पन दोगंबी हरवलो तर कुनीतरी हलाया पायजे का नको?" आणि इतकी हसली की आजूबाजूच्या अनोळखी बायकाही हसू लागल्या. मी हसलो नाही. अधीक्षक पदावर होतो.

पत्नीसह प्रवासाचे तोटेही लिहितो. तिच्या बॅगेत सुक्या बोंबलांची पुडी होती आणि हॉटेलातील संपूर्ण मजल्यास ते कळले. फायदा एवढाच की समुद्रापाशी ती म्हणाली, "भातसा भरली का आसंच दिसतं. ह्ये जरा जास्तच भरलंय." हे एक वाक्य ऐकण्यासाठी मला सिंगापूरला दोनदा जावे लागले.

४. वाटणी. संदेश यांनी नम्रता यांना बरोबर नेल्यास मुरबाडचे घर, टोकावडे रस्त्यावरील भातशेत व बँकेतील बचत दोघांस समसमान मिळावी. ते एकटे गेल्यास सर्व काही एकट्या नम्रता यांस पूर्ण मालकीने मिळावे. त्यांनी ते विकावे, भाड्याने द्यावे, कुलूप लावून किल्ली विहिरीत टाकावी. राखत मात्र बसू नये. तशा स्थितीत संदेश यांस माझी चाकांची बॅग मिळेल. एकट्या प्रवाशास तेवढी पुरते.

५. हा मसुदा आज सर्वांसमक्ष वाचला. अनंता म्हणाले, "मेल्यावं बी ह्यो आमाला नाचवनार!" संदेश म्हणाले, "बाबा, ही सरळ धमकी आहे." दोन्ही विधाने बरोबर असल्याने दुरुस्ती केलेली नाही. नम्रता एवढेच म्हणाल्या, "आनि तुमच्या जेवणाचं काय, मामंजी?" उत्तर: भात मला येतो. वरणाचा सराव चालू आहे. एकट्याने राहण्याचे फायदे कोणते, ते अनंता यांनी मला लेखी कळवावेत. ते आजवर फक्त बोलत आले आहेत.

यानंतर संदेश बराच वेळ अंगणात उभे होते. आत आल्यावर त्यांनी नम्रता यांस विचारले, "तुझा शाळेचा दाखला कुठाय? पासपोर्टला लागेल." दाखला त्यांनी पदराखालून काढला. आधीच काढून ठेवला होता.

६. अंत्यविधी साधा करावा. त्यासाठी मस्कतहून धावत येण्याचे कारण नाही. यायचेच झाल्यास दोघांनी यावे. एकट्याने आलेल्यास दार उघडू नये, अशी सूचना शेजाऱ्यांस दिली आहे.

वरील मजकूर मी वाचला, मला मान्य आहे, म्हणून खाली सही केली.

पुंडलिक धोंडू हरड
मुरबाड, जि. ठाणे
दि. १२ मार्च २००६

साक्षीदार:
१. दामू काळू पष्टे, शेजारी.
२. अनंता धोंडू हरड, बंधू. या पत्रान्वये त्यांना काहीही मिळत नसल्याने ते निःपक्षपाती साक्षीदार ठरतात.