गंध न लावलेली पेटी

अप्पा,

पलंगाखाली काळी पेटी दिसेल. तिला घाबरू नका, ती माझ्या इलेक्ट्रिक बाइकची बॅटरी आहे. वादळात करंट गेल्यापासून तुमचं झोपेतलं श्वासाचं मशीन बंद होतं आणि दोन दिवस तुम्ही खुर्चीत बसून डुलक्या काढत होता. म्हणून शेजारच्या वेंकटकडून इन्व्हर्टर आणला आणि पहाटे मशीन या पेटीला जोडलं.

मी मास्क चढवला तेव्हा तुम्ही डोळेसुद्धा उघडले नाहीत. खाली रस्ताभर पाणी आणि आत तुमचा संथ श्वास. मला वाटलं, आपलं घर नांगर उचलून हळूहळू महाबलीपुरमकडे निघालंय आणि तुम्ही त्याचे कप्तान आहात. कप्तान घोरत नव्हते, हे विशेष.

पेटीवर चार हिरवे दिवे आहेत. एकच उरला की मला फोन करा. तिला मिक्सी जोडू नका, चटणीपायी श्वास जायचा. इडल्या झाकून ठेवल्यात.

मी शोळिंगनल्लूरला ऑफिसात बसने जातोय. बाइक खाली उभी आहे, पोट रिकामं आणि चेहऱ्यावर वैराग्य.

नवरात्रात आयुधपूजेला तुम्ही घरातल्या कात्रीलाही गंध लावलंत, बाइकला मात्र नाही. "खेळण्याला कशाला रे?" म्हणालात. बाइकला आजही नको. पण झोप पुरी झाली की पेटीला एकदा बोट लावून बघा, कोमट लागेल. बोटाला गंध असलं तर ती काही तक्रार करणार नाही.

सुधींद्र