एप्रिलमध्ये वाढलेला बर्फ

२ एप्रिल, सकाळ
आजपासून शिस्त. पाचला उठणे. चहा एकच. पीएचडीचं सहावं वर्ष आहे, पण हिमालयाचं काम घाईत होत नाही. दिल्लीत मुनिरकातल्या या खोलीला खिडकी नाही. बरंच आहे. उपग्रहाच्या फोटोंवरून हिमाचलातल्या बर्फाचा नकाशा करायला खिडकी कशाला?

३ एप्रिल
साडेदहाला उठलो. खोलीत उजाडलेलं कळतच नाही.

९ एप्रिल
फोटोंतल्या इन्फ्रारेड बँडमुळे, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या नोंदीमुळे, नुसत्या शंका येतात. हा बर्फ की दुसरंच काही? काढूनच टाकला. आता पांढरं दिसलं की बर्फ. नकाशा एकदम सुटसुटीत.

१५ एप्रिल
शोध! सगळीकडे बर्फ घटतोय, माझ्या खोऱ्यात मात्र एप्रिलमध्ये वाढतोय. तोही चौकोनी तुकड्यांत. नागपूरला बाबांना लगेच कळवलं. नक्की ना, म्हणाले. बिल्कुल, म्हटलं.

२० एप्रिल
प्रत्यक्ष पाहणीला मीच जाणार हे उघड आहे. सरोजिनी नगरच्या बाजारातून जाड जॅकेट आणलं. खोलीत घालून बघितलं. घाम. (फ्रीजरमधला सोडून बर्फ अजून पाहिलेला नाही. पाहायलाच हवा असंही नाही.)

२२ एप्रिल
कल्पना मॅडम, म्हणजे माझ्या गाईड, पाहणीला लॅबमधल्या लुंबिनीला पाठवताहेत. ती तर मला ज्युनियर! तू आधी तिसरं चॅप्टर दे, म्हणाल्या. बरोबर आहे. मुख्य माणूस लॅबमध्येच हवा. जॅकेट लुंबिनीला दिलं.

२९ एप्रिल
लुंबिनीचा फोन. म्हणाली, दादा, तुझ्या सगळ्यात दाट बर्फात उभी आहे. किती खोल, मी विचारलं. म्हणाली, अरे, सफरचंदाच्या बागा आहेत. गारांपासून वाचवायला वर पांढरी जाळी बांधलीय. खाली लोक चहा पिताहेत. मी म्हटलं, जाळीच्या वर नीट बघ. वर आकाश आहे, म्हणाली.

३० एप्रिल
मॅडमना नवा विषय सुचवला : उपग्रहावरून जाळी. ओरडल्या नाहीत. चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, धम्मदीप, सगळं पहिल्यापासून. इन्फ्रारेडसकट. तोवर सुट्टी नाही.

६ मे
बाबांचा फोन. रविवारी विहारात तुझा सत्कार ठेवलाय, म्हणाले. सुट्टी नाही, म्हटलं. मग आई आणि मीच शाल घेऊन दिल्लीला येतो, म्हणाले. आता सांगणं भागच होतं. म्हटलं, बाबा, बर्फ वाढलेला नाही.

बाबांनी हळूच विचारलं, बरं, मग कधीपर्यंत वाढेल?
बघतो, म्हटलं.