कुसुमाच्या बुडातील माती पुन्हा न भरण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
विश्रामगृह देखभाल समिती,
कुरुडघाट, जि. गडचिरोली.

विषय : विश्रामगृहाच्या आवारातील कुसुमाच्या झाडाच्या बुंध्याभोवतालची काढलेली माती परत भरण्याचा आदेश रद्द होणेबाबत.

संदर्भ : मा. व्यवस्थापक यांचा लेखी आदेश, दि. ९ मे २००२.

महोदय,

अर्जदार लटारू डोमाजी भानारकर हा सन १९८९ पासून विश्रामगृहावर रोजंदारीने चौकीदार असून माळ्याचे कामही त्याच्याच गळ्यात आहे. त्याला कायम करण्याचा ठराव उद्याच्या सभेत आपल्यापुढे यावयाचा आहे. परंतु कुसुमाच्या बुडातून काढलेली सर्व माती आज सायंकाळी पाचपर्यंत परत न भरल्यास त्याचे नाव यादीतून कमी होईल, असा आदेश व्यवस्थापक श्री. धनराज नागापुरे यांनी दिलेला आहे. हे लिहितेवेळी दुपारचे दोन वाजले आहेत. टोपले व फावडे अर्जदाराच्या बाजूलाच ठेवून दिली आहेत. तरी खालील मजकूर कृपा करून शेवटपर्यंत वाचावा.

१. हकीकत अशी की, सन १९८९ च्या पावसाळ्यात एक मोठे साहेब वृक्षारोपणास आले होते. आवारात मुरूम कडक, कुदळीचा दांडा तुटला, खड्डा झाला नाही. साहेबांची गाडी चालूच होती आणि फोटोवाल्याला गडचिरोलीची बस धरायची होती. तेव्हा कोणीतरी सुचवले की, उभ्या कुसुमालाच टोपलेभर माती घालावी, फोटोत फरक दिसत नाही. हे सुचवणारा अर्जदारच होता, हे तो लपवू इच्छीत नाही. साहेब खूश झाले. तेव्हापासून कुरुडघाटला रोप लावण्याची चाल मोडली आणि माती घालण्याची चाल पडली. खड्डा नको, पाणी नको, पुढच्या वर्षी रोप काऊन मेलं म्हणून कोणाचा जाब नको.

२. तेरा वर्षांत जितके पाहुणे मुक्कामी आले, तितक्यांनी कुसुमाला माती दिली. तळ्यातला गाळ उपसून आणणारा, टोपले हाती देणारा आणि नंतर हात धुवायला पाणी घालणारा अर्जदारच. त्यामुळे माणसे त्याला टोपल्यावरून कळू लागली. नव्याने रुजू झालेल्याचे टोपले शिगोशीग, बदली जवळ आलेल्याचे अर्धे. काहींनी दोन बोटे लावून आशीर्वाद दिल्यासारखे केले, एकांनी सारी माती स्वतःच्याच बुटावर ओतली. आपण स्वतः दोन टोपली दिली, पैकी दुसरे पहिल्या फोटोत डोळे मिटल्यामुळे. माती वाहून जाऊ लागली म्हणून भोवती विटांचा गोल ओटा बांधला, ओटा भरला की त्यावर आणखी एक थर चढवला. असे करता करता माती झाडाच्या कमरेपर्यंत आली आणि कोणाला काही वाटले नाही. अर्जदारालाही नाही.

३. कुसुमाला फाल्गुनात तांबडी पालवी येते, इतकी की लांबून झाड पेटल्यासारखे दिसावे. गेल्या साली ती अर्ध्या झाडाला आली. यंदा आली नाही. शेंड्याच्या फांद्या वाळल्या, जी पाने निघाली ती पिवळी व बोटभर. अर्जदाराने पाणी वाढवले, खत घातले, तसतसे झाड जास्तच बसले. शेवटी चिमूरकडच्या रोपवाटिकेत जन्म घालवलेले वृद्ध माळी रामाजी यांना त्याने एस.टी.ने आणले. त्यांनी पाने पाहिलीच नाहीत. ओट्यावर बसून खोडाकडे बोट केले आणि म्हणाले, “लटारूभाऊ, हे झाड हाय का लायनीचा खांब? झाडाचं बुड पाय पसरून बसलेल्या बाईवानी रुंद दिसलं पायजे. थ्या रुंदीतूनच थे श्वास घेते. तुमी तर त्याले गळ्यापावतर पुरून राह्यले. अन् वरून पाणी पाजता?”

अर्जदार त्या दिवशी जेवला नाही.

४. त्यानंतर अकरा दिवस त्याने पहाटे दोन तास व ड्यूटी संपल्यावर दोन तास माती काढली. फावडे लावले तर साल सोलून निघते, म्हणून खुरपीने, मग नुसत्या हाताने. एकूण एकशे अठरा टोपली निघाली. गाळाखाली गाळ, मध्ये नारळाच्या करवंट्या, फितींचे तुकडे आणि कोणा साहेबांच्या चष्म्याची एक काडी. मातीत गाडलेली साल काळी, ओली, आंबलेल्या मोहाच्या वासाची. त्याखाली मनगटाएवढे एक मूळ, जमिनीत जायचे सोडून ओल्या मातीला भुलून वर चढलेले आणि खोडाभोवती फासासारखे गुंडाळलेले. रामाजींनी ते करवतीने दोन जागी कापून काढले. त्याचा तुकडा सोबत पाठवला आहे, त्यावर खोडाचा वळ पाहून घ्यावा. सर्वांत खाली झाडाचे खरे बुड लागले. चार बाजूंना पसरलेली जाड मुळे, तिथून पुढे जमिनीत गेलेली. ते पाहायला अर्जदाराची पत्नी वच्छला आली आणि म्हणाली, “बाप्पा, एवढे मोठे पाय होते जी याचे! अन् आपण तेरा वर्सं झाकून ठेवले.”

५. आता आदेशातील ठपक्यांबाबत. ‘विनापरवानगी खड्डा केला’ हे चूक आहे. ओट्याच्या आतली जमीन आज बाहेरच्या आवाराच्या बरोबरीला आली आहे, ते पट्टी लावून पाहता येईल. जो जमिनीच्या खाली नाही त्याला खड्डा कसे म्हणावे, हे अर्जदारास कळत नाही. ‘मुळे उघडी पाडून झाड पाडण्याचा कट केला’ यावर इतकेच की, लहान मुळे जमिनीतच आहेत, उघडे झाले ते बुड, आणि ते उघडेच राहावयाचे असते. राहिले ‘आवाराची शोभा घालवली’. त्याबद्दल व्यवस्थापकसाहेब चारचौघांत म्हणाले, “लटारू, उद्या पावने येतेत. त्याहीच्यापुढं झाडाचे उघडे पाय बरे दिसतेत काय? अन् थे माती कुठी टाकशीन? तुह्या डोक्यावर?” यावर माणसे हसली. अर्जदारही हसला, कारण कायम व्हायचे होते.

६. उद्याच्या पाहुण्यांचा खोळंबा होऊ नये म्हणून अर्जदाराने एक तोड काढली होती. आवारात दोन करंज, एक बकुळ व तीन गुलमोहर अशी सहा झाडे आणखी आहेत, सहाही गळ्यापर्यंत पुरलेली. यापुढे पाहुण्याने टोपलेभर माती घालण्याऐवजी टोपलेभर काढावी. नारळ तोच, टोपले तेच, फोटोही तसाच येईल. ही विनंती त्याने सकाळी तोंडी केली. व्यवस्थापकसाहेबांनी विचारले, “साहेबलोक माती देतेत का उचलतेत? तुले कायम व्हायचं हाय का नाई?”

व्हायचे आहे, महोदय. अर्जदाराचे वय एकोणपन्नास आहे. तळ्याचा ठेका दुसऱ्या गावाकडे गेल्यापासून घरची मासेमारी बंद असून मुलगी रंजीता हिचे लग्न याच नोकरीच्या आशेवर जुळले आहे. आदेशाचे वच्छलाबाईला त्याने काल सांगितले. ती म्हणाली, “मग भरून टाका ना जी. झाड का भाकर देते आपल्याले?” आणि थोड्या वेळाने, “पण म्या नाई टोपलं उचलणार.”

७. आज एक वाजता अर्जदाराने पहिले टोपले भरले आणि बुंध्यापाशी नेले. साल जिथे काळी होती तिथे ती चार दिवसांत सुकून खडखडीत झाली आहे, बोट लावून पाहिले. टोपले तिथेच खाली ठेवले आणि तो हा अर्ज लिहावयास बसला. तेरा वर्षे त्याला ठाऊक नव्हते म्हणून त्याने माती घातली. आता ठाऊक असून घालणे त्याच्याने होणार नाही.

तरी आदेश रद्द व्हावा व उद्या आपण स्वतः येऊन झाड पाहावे, ही विनंती. आदेश रद्द होत नसेल, तर माती भरण्याचे काम दुसऱ्या कोणाकडे द्यावे व अर्जदाराचे नाव खुशाल कमी करावे. फक्त कारणाच्या रकान्यात ‘माती भरली नाही’ असे लिहावे. ‘झाडाचे नुकसान केले’ असे लिहू नये. रंजीताच्या सासरची माणसे वाचणारी आहेत.

आपला, आज पाच वाजेपर्यंतचा चौकीदार,

लटारू डोमाजी भानारकर
विश्रामगृह, कुरुडघाट
दि. १४ मे २००२, दुपारी ३.२०