दोसोलीनाचे शनिवार

४ मे, शनिवार

खोटं बोललो! ठरवून नाही. नवा चष्मा घ्यायला ब्रेशाला गेलो होतो. चष्मा मिळाला, गावची गाडी दोन तासांनी. स्टेशनासमोर एक बस उभी, तिच्यावर पाटी — ‘सरोवरं, किल्ले आणि वाइन : चार शनिवार’. खिडक्यांत माझ्याच वयाची माणसं, सगळी एकमेकांशी बोलत होती. मी चारही शनिवारांची तिकिटं घेतली आणि चढलो. एकाहत्तर वर्षं याच जिल्ह्यात काढली, आणि आज इथे पाहुणा म्हणून तिकीट काढलं!

शेजारच्या बाईंनी विचारलं, “कुठले तुम्ही?”

“मांतोवाकडचा.”

“एकटेच आलात?”

“बायकोचे गुडघे दुखतात. ती घरी आहे.”

जीभ घसरली ती घसरलीच. बाईंचं नाव एर्सिलिया. पियाचेन्झाच्या, निवृत्त शिक्षिका. सिर्मिओनेच्या किल्ल्यात त्या मला दर दहा पायऱ्यांवर थांबवून सांगत होत्या — “हे सांगा हं त्यांना घरी गेल्यावर!” मग मीही सुटलो. आमच्या दोसोलीनाला उंचावर भोवळ येते. तिला मासा आवडतो, पण काटे काढायचा कंटाळा. येते! आवडतो! दोन वर्षांनी असं बोललो.

५ मे, रविवार

चर्चमधून येताना समोरची पाल्मिरा भेटली. एरवी हिचा आवाज तळ्याच्या पलीकडे जातो, पण माझ्याशी बोलताना ती आजाऱ्याच्या खोलीत आल्यासारखी कुजबुजते.

“कसा आहेस रे लिओनिदा?”

“बरा आहे.”

“हं.” गेली.

फेब्रुवारीत दोसोलीनाला जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून गल्लीत तिचं नाव कुणी काढत नाही. का, तर मला वाईट वाटेल म्हणून! तिच्याशी रोज भांडणाऱ्या बायकासुद्धा गप्प. माणूस एकदा पुरलं होतं, नाव दुसऱ्यांदा पुरलं.

८ मे

पाऊस. दिवसभरात कुणाशी बोललो नाही. पाववाल्याला म्हणालो, “एक.” ते धरायचं का?

११ मे, शनिवार

इझेओचं तळं, नावेतून मोंते इझोला बेटावर. नावाडी माझ्या मावसभावाचा जावई निघाला! टोपी नाकापर्यंत ओढली आणि उतरेपर्यंत पाण्याकडे बघत बसलो.

एर्सिलियाबाईंनी बसल्या बसल्या विचारलं, “सिर्मिओनेचं ऐकून काय म्हणाली बायको?” उत्तर तयार होतं. काल संध्याकाळी कपडे वाळत घालताना ठरवून ठेवलं होतं. “म्हणाली, इतक्या पायऱ्या चढायच्या आणि वर काय, तर हवा! ती तर अंगणातही आहे.” सगळे हसले. रिनाल्दो म्हणून एक जाडजूड गृहस्थ आहेत, त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “बाई भारी आहे हो तुमची! एकदा आणाच.” आता कुठून आणू! पण खरं सांगतो, अभिमानही वाटला. ती अगदी असंच म्हणाली असती.

जेवताना एर्सिलियाबाईंनी भाजलेल्या माशाचा एक तुकडा कागदात बांधून दिला. “त्यांच्यासाठी.” घरी आणला. सगळे काटे काढले आणि मीच खाल्ला.

१८ मे, शनिवार

बोर्नातोचा किल्ला. छान होता म्हणे. माझं लक्ष नव्हतं.

बसमध्ये बसतानाच वाटाडी मुलगी म्हणाली, “पुढच्या शनिवारी वाइनचं तळघर!” आणि नाव सांगितलं. आमचंच! चौतीस वर्षं मी तिथे बाटल्या फिरवल्या. तिथे मला खांबसुद्धा ओळखतात. आणि बोर्तोलो अजून तिथे आहे. शेजारी उभं राहून त्याने वीस वर्षं माझ्याबरोबर काम केलं, आणि अंत्ययात्रेत दोसोलीनाच्या पेटीला खांदा दिला.

एर्सिलियाबाई म्हणाल्या, “पुढच्या वेळी तुमच्या मिसेसच्या गुडघ्यांसाठी मलम आणते. माझ्या आईची कृती आहे.”

नको म्हणालो. ऐकतात कुठल्या!

२१ मे

जाणार नाही. तिथे बिंग फुटलं की बस गेली, आणि बसबरोबर दोसोलीनाही गेली. न गेलो तर निदान तिकडे पियाचेन्झात तरी ती जिवंत राहील.

२४ मे

पण मग त्या बाई मलमाची डबी घेऊन बसमध्ये माझी वाट बघत बसतील. चार शनिवारांतला एकच उरला आहे. तोही सोडू?

२५ मे, शनिवार

गेलो.

टोपी घातली, नवा चष्मा घातला, घोळक्याच्या मधोमध राहिलो. जिना उतरलो आणि तो वास आला — ओल्या दगडाचा, खमिराचा. 

भोकांच्या तिरक्या फळ्या अजून आहेत, पाहुण्यांना दाखवायला. काम आता लोखंडी पिंजरे करतात. वाटाडी मुलगी सांगत होती की बाटली अशी उलटी खोचायची, रोज थोडी फिरवायची, म्हणजे गाळ हळूहळू तोंडाशी येतो. “कुणाला करून बघायचंय?” रिनाल्दो पुढे झाले आणि नळ पिळावा तशी बाटली पिळली. सगळा गाळ वर उसळला! मला राहवेना. “अहो, अशी नाही, अशी —” म्हणून पुढे झालो. दोन हात, दोन बाटल्या, आठवा हिस्सा वळण. टक-टक. मग पुढच्या दोन. मग पुढच्या. हात थांबेचनात. फळीच्या टोकाला पोचलो तेव्हा कळलं की मागे सगळे माझ्याकडेच बघतायत.

“अरे लिओनिदा!” बोर्तोलोचा आवाज. “दोन वर्षं इकडे तोंड दाखवलं नाहीस, आणि आता तिकीट काढून आलास होय रे गाढवा?”

एर्सिलियाबाई म्हणाल्या, “तुम्ही यांना ओळखता? बरं झालं. यांच्या बायकोच्या गुडघ्यांचं जरा —”

“कुणाच्या गुडघ्यांचं?”

बोर्तोलो माझ्याकडे बघत राहिला. तो सांभाळून घेईल असं क्षणभर वाटलं. त्याला काहीच कळेना, बिचाऱ्याला. मग मीच बोललो. “ती नाही. दोन वर्षं झाली.” मोठ्याने हे पहिल्यांदाच म्हटलं. तळघरात आवाज घुमतो.

परतीच्या वाटेवर ब्रेशा जवळ आल्यावर एर्सिलियाबाई म्हणाल्या, “खोटं बोललात त्याचं एवढं नाही. पण दुखऱ्या गुडघ्यांच्या बायकोला दर शनिवारी घरी टाकून हिंडतात म्हणून मी मनातल्या मनात तुम्हाला शिव्या घालत होते. त्या आता कुणाला परत करू?” हसल्या नाहीत. उतरल्या आणि गर्दीत गेल्या. पत्ता मी मागितला नाही, त्यांनी दिला नाही.

२६ मे, रविवार

चर्चला गेलो नाही. बोर्तोलोच्या पोटात तीळ भिजत नाही. एव्हाना गावभर झालं असेल.

२९ मे

झालंच आहे. पाववाल्याने आज पाव देताना माझ्याकडे टक लावून पाहिलं. मी “एक” सुद्धा म्हणालो नाही. बोट दाखवलं.

१ जून, शनिवार

सकाळी सवयीने दाढी केली. मग आठवलं, आता बस नाही. खुर्चीवर बसून राहिलो. इतकं एकटं अंत्यविधीच्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्या दिवशी माणसं तरी होती.

२ जून, रविवार

सकाळी अकराच्या सुमाराला पाल्मिरा तिच्या गच्चीतून ओरडली. कुजबुज नाही — तोच जुना, तळ्यापलीकडचा आवाज!

“लिओनिदा! तुझी ती दोसोलीना बसमधून किल्ले बघत हिंडते म्हणे! हिंडायला फुरसत आहे, आणि माझं मक्याचा पोलेंता शिजवायचं तांब्याचं पातेलं परत करायला नाही? पाच वर्षं झाली गिळून बसलीय भवानी!”

मी खिडकीशी गेलो. तिथूनच ओरडलो, “परत केलं होतं तिने!”

“काय परत केलं! चेपलेलं झाकण परत केलं!”

कोपऱ्यावरचा क्लेतो न्हावी दारात आला. “आणि पत्त्यांत लबाडी करायची ती! पान बाहीत ठेवायची!”

“लबाडी तू करायचास, क्लेतो! ती तुला पकडायची!”

मग खालची आजी आली, तिची सून आली, बोर्तोलो सायकलवरून चालला होता तो उतरला. दोसोलीनाने पाद्रीबाबांना कसं झापलं होतं, तिचा आवाज कसा फाटका होता आणि तरी गायला कशी पुढे असायची. अर्धा तास! सगळी गल्ली दोसोलीनाला नावं ठेवत होती आणि मी एकटा तिच्या बाजूने भांडत होतो. घसा बसला.

३ जून

पातेलं सापडलं. माळ्यावर होतं. देणार नाही.