सलमाबादचा पिचर

२२ जानेवारी १९८२, शुक्रवार
आजपासून मी व्यावसायिक खेळाडू. स्टोअरकीपरचं काम खलास. इथे आखातात, सलमाबादच्या आमच्या वर्कशॉपचे मॅनेजर डाल्टनसाहेब अमेरिकन. त्यांनी बेसबॉलची टीम काढलीय. क्रिकेटमधली माझी बोलिंग पाहून मला पिचर केलं. पगार तोच, काम फक्त बॅट्समनकडे बॉल फेकायचं. सोपं आहे. वर्षभरात अमेरिका, इंशाल्ला.

२९ जानेवारी
पहिली मॅच, जुफैरच्या तळावरच्या अमेरिकन नेव्हीवाल्यांशी. माझा बॉल हॅरिस नावाच्या खलाशाच्या जबड्यावर बसला. तो पडला, उठेचना. हॉस्पिटलात नेलं. मला जेवण गेलं नाही. घाबरलो वगैरे नाही. पित्त असावं.

३० जानेवारी
हॅरिस शुद्धीवर आहे. जबडा मोडलाय. रूममेट दाजी म्हणाला, जाऊन भेट त्याला. उद्या नक्की.

३ फेब्रुवारी
गेलो नाही. टॅक्सी मिळेना. दाजी स्वतः ड्रायव्हर आहे, पण त्याला कशाला त्रास?

१२ फेब्रुवारी
प्रॅक्टिस. समोर माणूस दिसला की बोटं बॉल सोडत नाहीत. दाजी डोक्यावर पातेलं घालून उभा राहिला, तरी बॉल त्याच्यापासून चार हात लांबून गेला. डाल्टनसाहेबांनी विचारलं, घाबरलास का? मी म्हटलं, नो सर, स्ट्रॅटेजी. बॅट्समनला बॉल मिळूच द्यायचा नाही.

१८ मार्च
उद्या पुन्हा नेव्ही. हॅरिस खेळणार म्हणे. पोट बिघडलंय. कालची मासळी. मनाने एकदम फिट.

१९ मार्च, संध्याकाळ
चार बॉल लांब गेले की बॅट्समनला फुकट पुढे जाता येतं. पहिले तिघे तसेच गेले. चौथा हॅरिस. बॅट घेऊन माझ्याकडेच चालत आला. वाटलं, आता मारतो. गावाकडची बायको मालू डोळ्यांपुढे आली. तो हळूच म्हणाला, "टाक तू. मला भीती वाटत नाही."
मी टाकला. बॉल आमच्याच बाकाखाली गेला. डाल्टनसाहेब आले, बॉल मागायला हात पुढे केला. बॉल देताना इतकं हलकं वाटलं की मी थँक यू म्हणालो.
माझ्या जागी आमच्याच टीमचा अलीमियाँ आला. आम्ही जिंकलो. पाया मी रचला होता.
मग दोन्ही टीमचा फोटो. मी मधोमध जाऊन उभा राहिलो. डाल्टनसाहेबांनी बोलावलं आणि कॅमेरा माझ्या हातात दिला.

२६ मार्च
फोटो धुऊन आला. दाजी म्हणाला, छान आलाय, सगळे आलेत.