दादाच्या डब्याविषयी तक्रार

तीर्थरूप दादास धाकटीचा नमस्कार. तुझी गुडघेदुखी, वहिनीचा खोकला आणि तुम्हा दोघांचं भांडण, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे सगळं ठीक आहे, फक्त मी भयंकर चिडले आहे.

तू प्रेमानं पाठवलेला तो डबा! 'प्रतिकारशक्ती दुप्पट' असं त्यावर ठळक अक्षरांत छापलंय. अरे, किती वेळा कानीकपाळी ओरडू? माझी प्रतिकारशक्ती कमी नाही, तीच तर माझ्या जिवावर उठलीय! मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे हेच. शरीराचे राखणदार चोर सोडून घरच्यांनाच बडवतायत. मज्जातंतूंवर एक आवरण असतं, कोटाला अस्तर असतं तसं. (बावीस वर्षं शिवणकाम केलंय, एवढं मला चटकन कळलं.) ते अस्तर हे राखणदार कुरतडतात. आणि तू त्यांनाच खुराक पाठवतोस!

संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाई भल्या आहेत. त्या म्हणतात, याच राखणदारांत काही समजूतदार पेशीही असतात. 'पुरे आता, शांत व्हा' असे निरोप त्या बाकीच्यांना धाडतात, आणि त्यामुळे मज्जापेशी वाचत असाव्यात. असे निरोप माझ्या रक्तात किती आहेत, ते बाईंना मोजायचं होतं. (आपल्या घराण्यात 'शांत व्हा' म्हणणारं कुणी सापडेल यावर माझा विश्वास नाही, पण मी हो म्हटलं.) त्यावरून पुढे नव्या औषधाच्या चाचणीत माझा नंबर लागणार होता. अट एकच, तीन महिने कसलं चूर्ण नको, काढा नको, टॉनिक नको. मी ती इमानेइतबारे पाळली.

परवा सुई टोचायच्या आधी बाईंनी सहज विचारलं, नवीन काही घेता का? मी ताठ मानेनं नाही म्हणाले. तेवढ्यात शेजारी बसलेले आमचे हे कौतुकानं म्हणतात, "तसं काही नाही हो, रोज दुधातून दादांची पावडर देतो. हिला पत्ताच नाही!" (ह्यांचं म्हणणं, चमचा लहान होता.) बाईंनी सुई परत ट्रेमध्ये ठेवली. आता पुन्हा तीन महिने थांबायचं, आणि तोवर चाचणीत जागा उरेलच असं नाही. घरी येईपर्यंत मी ह्यांच्याशी अवाक्षर बोलले नाही, आणि घरी आल्यावर सगळं एकदम बोलले. (दोनदा.) राग येतो रे दादा. आणि खरं सांगायचं तर भीती वाटते.

तुझी,
धाकटी

ता. क. : डब्यातली 'तिला सांगू नका, ऐकायची नाही' ही चिठ्ठी कुणाच्या हातची आहे, ते मी बरोब्बर ओळखलंय.

आणखी एक : या पत्रातलं अक्षर माझं नाही, हे तूही ओळखलं असशील. मंगळवारपासून उजव्या हाताची बोटं बधिर झालीत. सुईत दोरा ओवता येत नाही, पेन धरवत नाही. मी सांगतेय आणि हे मुकाट्यानं लिहितायत, स्वतःला दिलेल्या शिव्यांसकट. (दोन गाळल्या आहेत.)

आता शेवटचं : येत्या गुरुवारी डोक्याचा एमआरआय आहे. ये. डबा नको, बाटली नको, रिकाम्या हातांनी ये. त्यातला एक मला धरायचाय.