तो नेमकं काय बोलला

१९ ऑक्टो. २०२०, सोम.
टी-रूमच्या टीव्हीवर दिवसभर फ्रान्स. तो शिक्षक, वर्गात दाखवलेली पैगंबरांची चित्रं, मग रस्त्यावर झालेला त्याचा खून. समीना अर्धं सँडविच टाकून उठली. आम्ही दोघी एकाच वॉर्डात डॉक्टर, रजिस्ट्रार. ती लाहोरकडची, मी नागपूरची. तीन वर्षं आपसात हिंदी-उर्दूत बोलतो, म्हणून इथे आयर्लंडात लोक आम्हाला एकाच गावच्या समजतात. ती दारात असताना एक नर्स म्हणाली, "यू आर ग्रँड, समीना. तू ठीक आहेस, तुझ्याबद्दल कुणी बोलत नाहीये."
त्याआधी कुणाच्या डोक्यात तरी होतं का ते, कोण जाणे.

२२ ऑक्टो.
आजपासून पुन्हा लॉकडाउन, घरापासून पाच किलोमीटरच्या आत. स.ने चेंजिंग रूममध्ये सांगितलं. धाकटा भाऊ, अदनान. कॉलेजात इतिहास शिकवतो. लॉकडाउनमुळे तास ऑनलाइन. एका तासात काहीतरी बोलला, कुणीतरी रेकॉर्ड केलं, दोन दिवसांनी घरासमोर जमाव. पोलिसांनी उचलून नेलं म्हणून जिवंत. ऑगस्टपासून तुरुंगात, धर्मनिंदेचा आरोप.
शिक्षा काय होऊ शकते विचारलं. "एकच आहे," म्हणाली. स्क्रबची नाडी बांधत होती.
काय बोलला? तिलाही माहीत नाही. ते शब्द पुन्हा उच्चारले तर उच्चारणाऱ्यावरही केस होऊ शकते, म्हणून वकील सांगत नाही. आईने विचारलेलं नाही.
"कुणाला सांगू नकोस. इथल्या आमच्या लोकांना तर अजिबात नाही."
हो म्हटलं.

२५ ऑक्टो., रवि. दसरा
श्रीखंड जमलं नाही, इथलं दही पाणी सोडतं. निखिलच्या चेरीवूडच्या ऑफिसातल्या मराठी लोकांचा झूम. फ्रान्सवरून सुरू झालं ते तासभर. "आपण किती वर्षं सांगतोय, आता यांना कळतंय." सगळ्यांना जरा बरंच वाटत होतं असं वाटलं.
नंतर निखिलला स.च्या भावाचं सांगितलं. नवऱ्याला सांगणं म्हणजे कुणाला सांगणं नव्हे, असं धरून.
त्याचा पहिला प्रश्न, "पण बोलला काय तो?" मग, "यांचं असंच."
म्हटलं, ज्याला मारायला आले तोही त्यांच्यातलाच आहे.
"तेच तर."
तेच तर काय, ते मला अजून कळलेलं नाही.

८ नोव्हें.
नोरीनबरोबर चालायला. चार घरं सोडून राहते, निवृत्त शिक्षिका, सत्तरीची. चर्चच्या हॉलमध्ये काही जणी जमून परदेशातल्या कैद्यांसाठी पत्रं लिहायच्या, आता आपापल्या घरून लिहितात. तिला सांगितलं.
का सांगितलं? बरोबर दोन महिने काही करता येत नाही असं पाहत होते, आणि ही बाई काहीतरी करते. शिवाय ती मधे बोलत नाही.
म्हणाली, "आमच्याकडेही हा गुन्हा कायद्यात होता, अगदी आता आतापर्यंत. माझ्या हयातीत कुणाला शिक्षा झाली नाही, पण होता." मग विचारलं, "तो काय बोलला?"
नाव सांगितलं नाही. गाव सांगितलं. विषय सांगितला.

(दोन महिने कुठले? मला कळून सतरा दिवस झाले होते. वाचताना दिसलं. स्वतःची बाजू आत्ताच मांडायला लागले की काय.)

२८ नोव्हें.
घरोघरी फुकट येणारा पेपर. पान सहा. नाव नाही, पण गाव, इतिहास, ऑनलाइन तास, आणि "बहीण आपल्याच भागात डॉक्टर". नोरीनने छापून आणलाय, चांगल्या हेतूने. तिने लेखाच्या भोवती पेनाने चौकोन करून दारात टाकलाय.
ऑनलाइन आवृत्तीखाली प्रतिक्रिया. एका माणसाने लिहिलंय, युअर मॅन, म्हणजे हा गडी, शूर आहे, त्याला आपण इथे आणलं पाहिजे. त्याच माणसाने दुसऱ्या बातमीखाली लिहिलंय, या लोकांना येऊ देणं थांबवा. दोन्ही मनापासून.

४ डिसें.
वकिलाने केस सोडली. तिथल्या कुठल्याशा पेजवर त्या लेखाचं उर्दू भाषांतर फिरतंय. त्यात अदनान पश्चिमेचा माणूस, आयर्लंड मागे उभं आहे, बहीण तिथे बसून पैसा आणि पासपोर्ट जमवतेय. अदनानची आई आणि बायको घर सोडून गेल्या. कुठे, ते स. फोनवरही बोलत नाही.
कुणाकुणाला सांगितलं होतं, ते माझ्यासमोर बोटांवर मोजलं. नवरा. आमचे कन्सल्टंट, वॉर्डाचे मोठे डॉक्टर, रजेसाठी सांगावं लागलं होतं. मी.
"तू नाहीस, ते मला माहीत आहे."
मी मास्क नाकावर नीट केला.

६ डिसें.
नोरीनकडे. दारातच उभी राहून. म्हटलं, पुढची पत्रं थांबव. तिचा चेहरा उतरला. खुर्चीवर बसायचं होतं तिला, मी मात्र बाहेर थंडीत उभी, म्हणून तीही उभी.
"मला अतिशय वाईट वाटतंय," म्हणाली. मग, "पण गप्प राहिल्याने कुणी सुटलेलं मी पाहिलं नाही."
"बोलल्याने?"
"काही जण."

१० जाने. २०२१
नाताळची मोकळीक आता वॉर्डात आलीये. जागा नाही. स. आणि मी आज चार जणांना पोटावर पालथं वळवलं, ती डोक्याकडे, मी ट्यूबा सांभाळत. ती आकडे म्हणते, तिसऱ्याला सगळे मिळून वळवतात. एक बाई, वय साठ, वळवताना गेली. स. पुटपुटत होती. आधी वाटलं मोजतेय, दुआ होती. ज्या धर्माच्या नावाने भाऊ आत आहे, त्याच धर्माची. तिला त्यात काही विसंगत वाटत नाही. मलाच का वाटावं.

१४ जाने.
सांगितलं. ब्रेकमध्ये, पार्किंगमध्ये, तिच्या गाडीच्या काचेतून. नोरीन, चालणं, गाव, विषय. मदत व्हावी म्हणून, असं सुरू केलं आणि अर्ध्यात सोडलं.
तिने ऐकून घेतलं. मग काच वर केली. अंगावर ओरडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं.
दुपारी वॉर्डात, एका पेशंटच्या रक्ताची तपासणी पुन्हा करायची होती: "Bed seven needs a repeat gas, please."
तीन वर्षांत ती माझ्याशी इंग्रजीत बोलली नव्हती.

२ फेब्रु.
इंग्रजी चालू. सभ्य, नेमकी, थँक यूसकट. बाकीच्यांना काही जाणवत नाही, उलट सोय झाली.
निखिल म्हणतो, तू वेगळं काय केलंस, कुठून तरी बाहेर आलंच असतं. मला सांत्वन करतोय. त्याने कुणाला सांगितलं होतं का, विचारलं. म्हणाला, नाव न घेता, ग्रुपवर, एकदा. म्हणजे नक्की माझ्याचमुळे की त्याच्याही, हे आता कधीच ठरणार नाही. क्षणभर बरं वाटलं. ते लिहून ठेवते.

१९ फेब्रु.
इरा (आमची, नऊ वर्षांची, इथल्या मुलांसारखी आईला 'मॅम' म्हणते) जेवताना: "मॅम, समीना आंटीचा भाऊ जेलमध्ये आहे? फॉर सेइंग वर्ड्स? विच वर्ड्स?" भिंतीपलीकडून सगळं ऐकते.
माहीत नाही म्हटलं.
"देन हाऊ डू दे नो इट वॉज बॅड?"
निखिल म्हणाला, जेव.

११ मार्च
कन्सल्टंटकडून कळलं. तुरुंगात अदनानला मारलंय, बरोबरच्या कैद्यांनी. जबड्याचं हाड मोडलंय. आता त्याला एकट्याला ठेवलंय, त्याच्याच सुरक्षेसाठी. जामिनाची तारीख पुन्हा पुढे. न्यायाधीशांनी केस दुसऱ्याकडे द्यायला सांगितलं, कारण दिलं नाही. कारण सगळ्यांना माहीत आहे.

१६ मार्च
स. ड्युटी संपल्यावर लॉकरपाशी थांबली होती. इंग्रजीतच. नवा वकील मिळालाय, तरुण आहे, त्याचं म्हणणं, आता बाहेरून आवाज झाला तरच तुरुंगवाले त्याला जिवंत ठेवतील. जुन्या वकिलाचं उलट, आवाज झाला की संपलं. आई म्हणते तू शिकलेली आहेस, तू ठरव.
"तुझी ती शेजारीण. अजून पत्रं लिहितात त्या?"
हो म्हटलं.
"तू माझ्या जागी असतीस तर?"
तोंडात आलं होतं बरंच. कुठलंच बाहेर काढायचा हक्क आपला नाही असं वाटलं. माहीत नाही, एवढंच म्हटलं. उर्दूत म्हटलं. तिने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.
"नंबर दे."
मी सांगितला, तिने हातावर पेनाने लिहून घेतला आणि वाचून दाखवला. शेवटचे दोन आकडे उलटे झाले होते. एक सेकंद वाटलं, राहू देत तसेच. मग दुरुस्त करून दिले.